आधी वारा, मग काच: पहिलं कॅबिनेट निवडणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा स्वतःचा पीसी जोडायला निघालेला माणूस प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर महिनाभर डोकं लावतो, आणि कॅबिनेट मात्र दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत ठरवतो. काचेआड रंगीत पंखे फिरताना दिसले की झालं. माझ्या नागपूरच्या मावसभावाने असंच घेतलं. एप्रिल उजाडला आणि त्याचं ग्राफिक्स कार्ड ८४ अंशांवर जाऊन बसायला लागलं, गेम अडखळायला लागला. त्याने आणखी दोन पंखे मागवायची तयारी केली होती. मी गेलो तेव्हा समोरची काच क्लिपांमधून ओढून काढली, पलंगावर गादीवर ठेवली आणि तोच गेम पुन्हा अर्धा तास चालवायला सांगितला. तापमान ७३ वर थांबलं. पंखे तेच होते, खोली तीच होती. समोरची काच त्या पंख्यांचं नाक दाबून बसली होती, एवढंच.

घरात या डब्याला आपण ‘सीपीयू’ म्हणतो, दुकानात ‘कॅबिनेट’ म्हणतात आणि परदेशी व्हिडिओंमध्ये ‘केस’. मी कॅबिनेटच म्हणणार आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या: कॅबिनेट स्वतः काहीही थंड करत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपापल्या हीटसिंकमधून, म्हणजे त्यांच्यावर बसवलेल्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यातून, उष्णता हवेत सोडतात. ती तापलेली हवा बाहेर काढायची आणि तिच्या जागी खोलीतली ताजी हवा आणायची, इतकंच कॅबिनेटचं काम. म्हणून साध्या पंख्यांवर चालणाऱ्या पीसीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा खाली जाऊच शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की आतले भागही साधारण तेवढेच वर चढतात. विदर्भात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि घरातल्या खोल्याही तापतात. एसीत, २१-२२ अंशांत मोजलेले आकडे बघून कॅबिनेट निवडलं तर इथे फसगत होते. आपल्याकडे हवेची वाट जास्त मोकळी हवी.

पायरी १: टेप घेऊन बसा

हे काम कंटाळवाणं आहे, पण पैसे इथेच वाचतात. मदरबोर्डाचे, म्हणजे ज्यावर बाकी सगळे भाग बसतात त्या मुख्य बोर्डाचे, तीन आकार नेहमी भेटतात. एटीएक्स ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिमी आणि मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिमी. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलटं होत नाही. पहिल्यांदा जोडणाऱ्याने मिनी-आयटीएक्सच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. हात जात नाही, केबल दुमडत नाहीत आणि हवेला जागा उरत नाही.

बोर्ड ठरला की तीन आकडे जुळवा. प्रोसेसरच्या कूलरची उंची, ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि रेडिएटर (प्रोसेसर पाण्याने थंड करणाऱ्या वॉटर कूलरचा पंखे लावायचा भाग) लावणार असाल तर त्याची जाडी. डीपकूलचा एके४०० हा आपल्याकडे खूप चालणारा कूलर १५५ मिमी उंच आहे, नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिमी. कॅबिनेटच्या माहितीत ‘१६० मिमीपर्यंत’ लिहिलं असेल तर पहिला बसेल, दुसऱ्याने बाजूची काच लागणार नाही. समोर रेडिएटर लावायचा असेल तर आणखी एक हिशोब करा. नेहमीचा रेडिएटर २७ मिमी जाड आणि त्यावरचा पंखा २५ मिमी, म्हणजे कार्डाच्या जागेतून ५२ मिमी गेले. ३३० मिमीची जागा २७८ वर येते. हा हिशोब न करता घेतलेली कार्डं मी परत जाताना पाहिली आहेत.

पायरी २: समोरची बाजू नीट बघा

पूर्ण लेखातली ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक कॅबिनेटांत ताजी हवा समोरून आत येते. तिथे जाळी आहे, काच आहे की सपाट पत्रा, यावर बाकी सगळं ठरतं.

उदाहरण सांगतो. कॉर्सेअरने २०२० साली ४०००डी नावाचं कॅबिनेट आणलं, ते दोन रूपांत. एकाला समोर सपाट पत्रा, दुसऱ्याला म्हणजे ‘एअरफ्लो’ला समोर छिद्रांची जाळी. सांगाडा तोच, बाजूची काच तीच, फरक फक्त चेहऱ्याचा. सपाट चेहऱ्यात हवा कडेच्या फटींतून वळसे घेत आत येते. जाळीतून ती सरळ पंख्यावर येते. अशी जोडी समोर आली तर डोळे मिटून जाळीवालं घ्या.

समोर काच असलेलं कॅबिनेट आवडलंच असेल तर काच आणि पंखा यांच्यामध्ये किती अंतर आहे ते बघा. कडेने दोन बोटं सहज आत गेली तर निभावेल. एकच बोट जेमतेम जात असेल तर सोडून द्या, कितीही सुंदर दिसत असलं तरी. जाळी दिसली म्हणजे काम झालं असंही नाही. काही स्वस्त कॅबिनेटांत वरून सुंदर जाळी, तिच्यामागे दाट फिल्टर आणि त्याच्यामागे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी प्लास्टिकची चौकट असते. तीन थर ओलांडेपर्यंत हवेचा दम निघतो. दुकानात एक सोपी परीक्षा करता येते. बाजूची काच काढायला सांगा, आतून समोरच्या बाजूला मोबाइलचा टॉर्च लावा आणि बाहेरून बघा. उजेड भरपूर बाहेर आला तर हवाही येईल. उजेड अंधूक, ठिपक्याठिपक्यांचा दिसला तर आत काहीतरी अडवतंय. मी हे दरवेळी करतो, दुकानदाराला कितीही विचित्र वाटलं तरी.

हल्ली मत्स्यपेटीसारखी, समोरून आणि बाजूने काच असलेली कॅबिनेटं फार चालतात. लियान लीचं ओ११ डायनॅमिक २०१८ साली आलं आणि त्यानंतर तशी रचना सगळीकडे दिसायला लागली. यात समोरून हवा येतच नाही. ती खालून आणि आतल्या बाजूच्या भिंतीतून घ्यायची असते. नीट पंखे लावले तर ही रचना उत्तम चालते, विशेषतः खालचे पंखे थेट ग्राफिक्स कार्डावर हवा मारतात म्हणून. पण मूळ ओ११ डायनॅमिक पंख्यांशिवायच मिळायचं, आणि या पठडीतली बरीच कॅबिनेटं अजूनही तशीच मिळतात. म्हणजे सहा-सात पंख्यांचा खर्च वेगळा धरा. पैसे मोजकेच असतील तर साधं जाळीचं कॅबिनेट आणि सोबत आलेले तीन-चार पंखे, यातच शहाणपण आहे.

‘बंद कॅबिनेट शांत, जाळीवालं आवाज करतं’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. बंद दार आणि आतून फोम लावलेली काही शांत कॅबिनेटं खरंच चांगली बनवलेली असतात. पण स्वस्तातल्या बंद कॅबिनेटात आत गरम झालं की पंखे जोरात फिरतात आणि शांतता तिथेच संपते. जाळीतून सहज हवा मिळाली तर तेच पंखे हळू फिरतात. आवाज मुख्यतः पंख्याच्या वेगाचा असतो हे लक्षात ठेवा.

पायरी ३: पंखे किती आणि कुठे

समोरून दोन किंवा तीन पंखे आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. बहुतेकांना एवढं पुरतं. समोरचा खालचा पंखा ग्राफिक्स कार्डाला हवा देतो, मधला आणि वरचा प्रोसेसरच्या कूलरला. मागचा पंखा कूलरच्या अगदी पाठीशी असतो, त्यामुळे तापलेली हवा तिथून सरळ बाहेर जाते. चौथ्या-पाचव्या पंख्यानंतर फरक झपाट्याने कमी होत जातो.

छताला पंखा लावायचा असेल तर मागच्या अंगाला लावा. छताच्या पुढच्या टोकाला बाहेर टाकणारा पंखा लावला तर समोरून नुकतीच आलेली ताजी हवा कूलरपर्यंत पोचण्याआधीच तो वर ओढून घेतो. हे बऱ्याच सजवलेल्या पीसींत दिसतं.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा. असं केलं की आत किंचित जास्त दाब राहतो, हवा फटींतून बाहेर ढकलली जाते आणि धूळ येते ती फक्त फिल्टरमधून, जिथे तुम्ही ती अडवू शकता. उलट बाहेर टाकणारे पंखे जास्त झाले तर मागच्या रिकाम्या स्लॉटांमधून, जोडांमधून, मिळेल तिथून धूळ आत ओढली जाते. पुणे असो की संभाजीनगर, रस्त्याकडेच्या घरात सहा महिन्यांत हा फरक डोळ्यांनी दिसतो.

पंख्याचा आकार मोठा असेल तर तेवढीच हवा तो कमी फेऱ्यांत देतो, म्हणून आवाज कमी. १४० मिमीचे दोन पंखे बसत असतील तर १२० च्या तीनपेक्षा मी ते निवडेन. फ्रॅक्टलच्या २०२१ सालच्या टॉरंट कॅबिनेटमध्ये समोर चक्क १८० मिमीचे दोन पंखे आहेत आणि त्यांना समोरची पूर्ण उंची मिळावी म्हणून एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, वर नेला आहे. महाग आहे, पण हवेची वाट आधी आखून मग डबा बनवला की तो कसा दिसतो हे बघण्यासाठी त्याचे फोटो जरूर बघा.

पायरी ४: पत्रा, काच, बटणं

पत्रा दोन बोटांनी दाबून बघा. स्वस्त कॅबिनेटांत तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि पंख्यांच्या कंपनाने तो गुणगुणतो. कडा बोटाने चाचपा. चांगल्या कॅबिनेटच्या आतल्या कडा दुमडलेल्या असतात, हात कापत नाही. पॉवर बटण आणि यूएसबी वर आहेत की समोर, हे कॅबिनेट कुठे ठेवणार त्यावर ठरवा. टाइप-सी हवं असेल तर तुमच्या मदरबोर्डावर त्यासाठीचा हेडर (वायर जोडायची जागा) आहे ना, ते आधी तपासा.

टेम्पर्ड काचेबद्दल एकच, पण जीव तोडून सांगतो: ती काढल्यावर टाइलच्या फरशीवर उभी ठेवू नका. ही काच मधोमध हात मारला तरी टिकते, पण तिची कड नाजूक असते आणि सिरॅमिक टाइल काचेपेक्षा कठीण. कडेला बारीकसा टोला बसला तरी पूर्ण काच क्षणात साखरेच्या खड्यांसारखी विखुरते. आपल्या घरांत खाली टाइलच असते, म्हणून काम सुरू करण्याआधीच गोधडी किंवा जाड चादर अंथरून ठेवा.

पायरी ५: जोडताना

पंख्याची दिशा चुकणं ही नव्या माणसाची सर्वात नेहमीची चूक. ज्या बाजूला मोटरला धरणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि वायर असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मोकळी, पाती उघडी दिसणारी बाजू हवा ओढते. हल्ली काचेतून सुंदर बाजू दिसावी म्हणून उलट्या पात्यांचे पंखेही मिळतात, त्यांत हे नेमकं उलटं असतं. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. पीसी चालू करून एक अगरबत्ती पेटवा आणि वीतभर अंतरावरून समोरच्या जाळीजवळ धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग मागे न्या. तिथे तो उडून दूर फेकला गेला पाहिजे. राख आत पडू देऊ नका. या एका मिनिटाच्या परीक्षेत मला दोनदा उलटा बसलेला पंखा सापडला आहे, एकदा तर दुकानातूनच जोडून आलेल्या पीसीत.

वायरींमध्ये धोक्याची जागा एकच. रंगीत दिव्यांचे दोन प्रकार असतात. तीन पिनांचा एआरजीबी ५ व्होल्टवर चालतो, चार पिनांचा साधा आरजीबी १२ व्होल्टवर. ५ व्होल्टची वायर १२ व्होल्टच्या हेडरवर जबरदस्तीने बसवली तर दिवे जळतात. पिनांची संख्या आणि बोर्डावर छापलेलं नाव, दोन्ही वाचा. पंखे शक्यतो मदरबोर्डाच्या हेडरवरच लावा. चार पिनांच्या पंख्याचा वेग बोर्ड पीडब्ल्यूएमने, म्हणजे झटपट चालू-बंद होणाऱ्या सिग्नलने, सांभाळतो, तीन पिनांचा व्होल्टेज कमी-जास्त करून. एसएमपीएसच्या मोलेक्स वायरवर थेट लावलेला पंखा सदैव एकाच वेगाने फिरत राहतो.

एसएमपीएस खाली असेल आणि तळाला फिल्टर असेल तर त्याचा पंखा खालच्या बाजूला करा. कॅबिनेट सतरंजीवर राहणार असेल तर वर. वॉटर कूलर लावणार असाल तर रेडिएटर छताला लावा किंवा समोर, पण पंप हा त्या जोडणीतला सर्वात उंच बिंदू होऊ देऊ नका. आत राहिलेली थोडी हवा वर चढून पंपातच अडकते, मग तो घरघरतो आणि लवकर जातो.

पायरी ६: घरात जागा

आपल्याकडच्या कम्प्युटर टेबलांना खाली ‘सीपीयूचा कप्पा’ असतो. तीन बाजूंनी बंद, पाठीमागे प्लायवूड. चांगलं कॅबिनेट घेऊन त्यात कोंबलं तर मागून बाहेर टाकलेली गरम हवा फिरून समोरून पुन्हा आत येते. त्या कप्प्याचं मागचं प्लायवूड काढा किंवा कॅबिनेट टेबलावर घ्या. मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. जमिनीवर ठेवायचंच असेल तर चार बोटं उंच पाट किंवा स्टँड द्या, म्हणजे झाडूने उडालेला केर थेट फिल्टरवर बसणार नाही.

विदर्भ-मराठवाड्यात डेझर्ट कूलरसमोर पीसी ठेवायचा मोह होतो. खोली गार झाली तर पीसीला फायदाच आहे, पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्यात ओलावा आणि कधी कधी पाण्याचे बारीक तुषार असतात. बोअरच्या जड पाण्यातला क्षार सुकून सर्किटावर पांढरा थर धरतो. कूलर खोलीच्या एका टोकाला, पीसी दुसऱ्या, आणि खिडकी थोडी उघडी. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत फोडणीचा तेलकट धूर धुळीत मिसळतो आणि ती धूळ फुंकरीने निघत नाही, पुसावी लागते. कापडी कव्हर घालत असाल तर पीसी चालू करण्याआधी पूर्ण काढा.

पायरी ७: मोजून बघा

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर टाका. तुमचा नेहमीचा जड गेम किंवा रेंडरिंग अर्धा तास चालवा. खोलीचं तापमान, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचे सर्वात वरचे आकडे वहीत लिहा. मग बाजूची काच काढून तेच पुन्हा. नंतर काच लावून समोरचं पॅनेल काढून पुन्हा. तीन-चार अंशांचा फरक पडला तर कॅबिनेट नीट श्वास घेतंय. आठ-दहाच्या पुढे गेला तर कोंडी नेमकी कुठल्या बाजूला आहे हे तुम्हाला आपोआप कळलेलं असतं. नवे पंखे घेण्याआधी हे करायचंच.

आकडे बघून लगेच घाबरू नका. रायझन ७००० मालिकेचे काही प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत चालावेत अशीच एएमडीची रचना आहे. मी बघतो ते असं, की वेग खाली पडतोय का आणि हातात असलेलं काम अडतंय का. नंतर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, पंख्यांचा वेग ठरवा. ५० अंशांपर्यंत ३५-४० टक्के, ७० ला ६५-७० टक्के आणि ८५ ला पूर्ण, ही सुरुवातीला चांगली चढण आहे. वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असते ती वापरा, नाहीतर प्रत्येक ब्राउझर टॅब उघडताना पंखा हुंकार देतो.

पायरी ८: धूळ

दिवाळीच्या सफाईवर सोडू नका. समोरचा फिल्टर उन्हाळ्यात महिन्याला, एरवी दोन महिन्यांनी काढा. आतली सफाई वर्षातून दोनदा. स्विच बंद करा, पिन काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जातो. कॅबिनेट गॅलरीत किंवा गच्चीवर न्या. ब्लोअर हातभर दूर धरा आणि पंख्यावर मारताना पातं बोटाने अडवून ठेवा. वाऱ्याने भन्नाट फिरलेल्या पंख्याचं बेअरिंग खराब होतं. कूलरच्या पत्र्यांमध्ये नमद्यासारखी बसलेली धूळ आधी मऊ ब्रशने सोडवा. व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाजवळ नेऊ नका, तिच्यात स्थिर वीज साठते.

कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या आणि स्क्रूंवर गंजाचा तांबूस ठिपका दिसतो का ते पावसाळ्याआधी बघून घ्या. एखादी पट्टी निघालेली असेल तर लगेच लावा, पाली आणि मुंग्या तिथूनच शिरतात. पावसाळ्यात पीसी आठवडाभर बंद ठेवू नका. दोन-तीन दिवसांनी तासभर चालवला की आतल्या उबेने दमटपणा निघून जातो. धुतलेला फिल्टर मात्र पूर्ण सुकल्याशिवाय परत लावायचा नाही. मी तो रात्री नळाखाली धुतो, पंख्याखाली दोरीवर टांगतो आणि सकाळी जाळी बोटाने चाचपून, कोरडी लागली तरच बसवतो.